एक शब्दही खोटा नसलेली बातमी

हे मी आईला सांगितलं नाही. बायकोला सांगितलं नाही. एकोणतीस वर्षांचा संसार करून ती गेली, काही ठाऊक नसतानाच गेली. ज्यांच्या शेजारी बसून रोज दहा-दहा तास काम केलं त्यांच्यापैकी एकालाही नाही. तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही कोण, मला माहीत नाही — कदाचित म्हणूनच जमेल. जमेल का? तीनदा सुरुवात करून कागद फाडले आहेत.

'मी' लिहायची मला सवय नाही. इंदूरच्या एका हिंदी दैनिकात मी चौतीस वर्षं काढली. तिथे पहिल्या आठवड्यात मला शिकवलं गेलं ते एवढंच, की बातमीत वार्ताहर नसतो. 'मैंने देखा' लिहिलं की आमचे संपादक त्यावर लाल रेघ ओढून 'देखा गया' करायचे. 'मुझे पता चला'चं 'ज्ञात हुआ है'. कोणी पाहिलं, कोणाला कळलं — कोणी नाही. फार सोयीची जागा असते ती. माणूस तिच्या आत जन्म काढू शकतो.

मी एक बातमी लिहिली होती. बारा ओळींची, दुसऱ्या पानावर. तिच्यातला एक शब्दही खोटा नव्हता. त्या बातमीने एका बाईंचं काम संपवलं, आणि माझ्या सख्ख्या बहिणीचा आवाज — परत येत असलेला आवाज — कायमचा बंद केला. हे माझ्या हातून नजरचुकीने झालं नाही. कोणाच्या दडपणाखाली झालं नाही. मी ते जाणून केलं.

का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. मागे जाणं हीसुद्धा टाळाटाळच आहे, हे मला कळतं.

तेव्हा मध्य भारत नावाचं राज्य होतं. आजच्या मुलांना सांगितलं तर 'वो कौनसा?' म्हणतात. त्याला दोन राजधान्या होत्या. थंडीत सरकार ग्वाल्हेरला असायचं, उन्हाळा लागला की फायलींच्या पेट्या, कारकून, त्यांची बायका-मुलं, सगळं इंदुरात यायचं आणि पावसाळा संपला की परत जायचं. आम्ही रामबागेत राहायचो. आजोबा होळकरांच्या फौजेत होते, अप्पा — माझे वडील — दरबारच्या दफ्तरात. दरबार गेला होता, पण आमच्या घरातली अब्रू अजून दरबारच्याच मापाची होती. मी सव्वीस वर्षांचा, शहराच्या बातम्या आणणारा वार्ताहर. आणि विमल, माझ्याहून चार वर्षांनी लहान, एकुलती एक बहीण, देवासला दिलेली.

विमल अखंड बोलायची. भांडी घासताना भांड्यांशी बोलायची. अप्पा म्हणायचे, "हिला सासरी पाठवली की कळेल आपल्या घरात घड्याळ आहे." खरंच, ती गेल्यावर घड्याळ ऐकू यायला लागलं होतं.

लग्नानंतर दोन वर्षांनी, एका वैशाखात, तिचा दहा महिन्यांचा मुलगा गेला. तापाने. तेराव्यानंतर तिला आमच्याकडे आणलं, आणि आल्यावर आठवड्याभरात ती बोलायची थांबली. एकदम नाही. आधी वाक्यं छोटी झाली, मग नुसतं हो-नाही, मग तेही नाही. लिहायला वाचायला येत होतं तिला, चौथी-पाचवीच्या मुलींना शिकवेल इतकं. पण पाटी पुढे ठेवली की ती उठून जायची. तिच्या सासरच्यांनी दोन महिने वाट पाहिली आणि निरोप पाठवला की असू दे तिकडेच.

का थांबली ती बोलायची? मुलाच्या दुःखाने, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचो. मी तर सगळ्यांत आधी म्हणायचो.

वैद्य झाले. मोठ्या दवाखान्यातल्या सर्जननी जीभ दाबून, बॅटरी मारून घसा पाहिला आणि म्हणाले, "गला तो बिलकुल ठीक है." आईने शेजारणीच्या नादाने एकदा लिंबं-मिरच्यांचा उताराही टाकला. मग कुठल्याशा हळदीकुंकवात तिच्या कानावर मालतीबाईंचं नाव आलं.

मालतीबाई इंदूरच्या नव्हत्या. पस्तिशीच्या असतील. लग्न केलं नव्हतं. मानसशास्त्र शिकलेल्या, लहानपणापासून नृत्य शिकलेल्या. युद्धाच्या वर्षांत विलायतेत होत्या, तिथे लढाईवरून मनाने मोडून आलेल्या सैनिकांच्या एका इस्पितळात त्यांनी काम केलं होतं. बोलून जे निघत नाही ते कधी कधी हातापायांतून निघतं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पलासियाच्या बाजूला, जिथे तेव्हा गाव संपून बंगले आणि शेतं सुरू व्हायची, एका परगावी राहणाऱ्या गृहस्थांच्या रिकाम्या बंगल्यातली मोठी बैठक त्यांना वापरायला मिळाली होती. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दहा-बारा बायका यायच्या. आधी एकेकीशी चटईवर बसून बोलणं — तिला बोलायचं असेल तर. नसेल तर नुसतं बसणं. मग ढोलक, आणि ज्या बाईचं अंग जसं म्हणेल तसं हलणं. मग माती, गेरू, कोळसा, मोठे कागद. शेवटी पुन्हा थोडं बोलणं. दारं बंद असायची. पुरुषाने व्हरांड्याच्या पुढे यायचं नाही, हा एकच कडक नियम. लोक त्याला 'नाच का दवाखाना' म्हणायचे.

अप्पा ऐकूनच संतापले. "म्हणजे आता आपल्या घरच्या मुली पायांत चाळ बांधणार?"

आई कधी उलटून बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. "बांधू देत. घराचं मसण झालंय, निदान चाळ तरी वाजतील."

विमलला न्यायचं काम माझ्याकडे आलं. मी टांगा ठरवला. व्हरांड्यात एका वेताच्या खुर्चीवर दोन तास बसायचो, मांडीवर कागद ठेवून बातम्या लिहायचो. आतून बोलण्याची गुणगुण, मग ढोलक. ढोलक वाजवायला जमना नावाची एक माळवी बाई होती, आवाजाने भिंत हलेल अशी. ती पाणी प्यायला बाहेर आली की मी सारखं काय लिहितो म्हणून मला छेडायची: "भिया, तम कईं लिखता रो हो? कदी म्हारो नाम भी छाप दो." मी म्हणायचो, छापू. आणि आत जाऊन तिचं सुरू व्हायचं — ते मला दारातून ऐकू यायचं — "बेन, पग तो हिलाव. धरती कईं नी केवे."

पाय तर हलव, जमीन काही म्हणत नाही. ते 'बेन' माझ्या बहिणीला होतं. विमल पहिला दीड महिना भिंतीला पाठ लावून बसली होती, असं मालतीबाईंनी सांगितलं. त्या मला काही लपवायच्या नाहीत. मी तिचा भाऊ होतो. जुलैत तिचा पाय हलला. ऑगस्टात ती उठून उभी राहिली. घरी फरक दिसायला लागला — ती स्वतःहून वेणी घालायला लागली, भाजी निवडताना तिच्या अंगठ्याने ठेका धरलेला असायचा. आई देवाजवळ उभी राहून रडायची आणि मला म्हणायची, "तुझ्यामुळे हो. तू नेतोस म्हणून."

ऐकवतं तुम्हाला? मला तेव्हाही ऐकवत नव्हतं.

आश्विन लागला तेव्हा एका शुक्रवारी मालतीबाई व्हरांड्यात आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, आज नियम मोडते. आत या. बाकीच्या बायकांना विचारलंय मी. तुम्ही बघायला हवं."

मी आत गेलो. दाराशीच उभा राहिलो. बायका भिंतीकडेला बसल्या होत्या, जमना हळू वाजवत होती, आणि मध्ये विमल होती. भिंतीवर तिने काढलेले कागद लावले होते. सात किंवा आठ. प्रत्येकावर गेरूने काढलेला एक उभा लाल चौकोन आणि त्याला वरच्या बाजूला एक काळी चीर. मी ते पाहिलं आणि लगेच कळलं नाही. मग ती हलायला लागली. चार पावलं पुढे. उजवा हात छातीतून काढल्यासारखा, लांब, खांद्यापासून ताणलेला — आणि बोटं सुटायची. मग ती वाकून कान लावायची. ऐकायची. मान हलवून परत यायची. पुन्हा चार पावलं, पुन्हा हात, पुन्हा कान. पाच वेळा, सहा वेळा. ते नाचणं होतं का? मला त्यातलं कळत नाही. पण इतकं अचूक काही मी माझ्या आयुष्यात पाहिलेलं नाही. आणि कान लावलेला असताना तिच्या तोंडातून एक आवाज यायला लागला. जड, घोगरा, पाच महिने न वापरलेला.

"दा," ती म्हणत होती. "दा."

बायका डोळे पुसत होत्या. जमनाने ढोलक थांबवून माझ्याकडे बघून मान डोलावली — म्हणजे बघ, आली की नाही.

मालतीबाई मला बाहेर घेऊन आल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "ती एका पत्राशी अडकलीय," त्या म्हणाल्या. "तिने कधीतरी पत्र टाकलंय आणि ते पोचलं की नाही हे तिला कळलेलं नाही. तिथेच जाऊन जाऊन परत येतेय. भाऊ, तुमच्या घरात कोणाला काही माहिती आहे का? पोचलं असं कळलं तरी चालेल, नाही पोचलं असं कळलं तरी चालेल. पण खरं कळायला हवं. महिन्याभरात ती बोलेल, बघा."

मी म्हणालो, "विचारतो घरी."

आता सांगतो. आता आणखी लांबवता येणार नाही.

पत्र मला आलं होतं. तिने ते घरच्या पत्त्यावर नाही, माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलं होतं. पोस्टकार्ड नव्हे, पाकीट — कोणी वाचू नये म्हणून. आतला मजकूर मला पाठ आहे. 'दादा, बाळाला चार दिवस ताप आहे. श्वास घेताना घरघर येते. इथे वैद्यांचा काढा चालू आहे. सासूबाई इंदूरला न्यायला नको म्हणतात. तू ये. तू समोर उभा राहिलास तर ते नाही म्हणायचे नाहीत. घरी लिहिलं नाही, अप्पा मलाच रागावतील. लवकर ये. विमल.'

देवास किती लांब आहे? मोटारीने तास-दीड तास. त्या काळीही तेवढंच.

मी गेलो नाही. ज्या दिवशी पत्र आलं त्याच दिवशी ग्वाल्हेरहून सरकार इंदुरात उतरायचं होतं. संपादक म्हणाले होते, "भिया, हफ्ता भर कहीं हिलना मत." पण मी त्यांना विचारलं असतं तर त्यांनी सोडलं असतं. तापट होते, दुष्ट नव्हते. मी विचारलंच नाही. खरं कारण ते नव्हतं. खरं कारण तिच्या सासऱ्यांची बैठक होती. आधीच्या दिवाळीत तिला आणायला गेलो तेव्हा त्यांनी मला तिथे दोन तास बसवून ठेवलं होतं, चार माणसांसमोर. "या, या, अखबारवाले! आज कोणाची अब्रू छापायला आलात?" सगळे हसले होते. मीही हसलो होतो. त्या बैठकीत पुन्हा जाऊन उभं राहायचं, आणि त्यांना म्हणायचं की मुलाला आत्ता माझ्याबरोबर पाठवा — माझ्याने ते होईना. मी स्वतःला म्हणालो, लहान मुलांना ताप येतोच. रविवारी जाऊ. विमल जरा घाबरटच आहे.

पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि मंत्र्यांच्या स्वागताची बातमी लिहायला गेलो.

पाचव्या दिवशी तार आली. घरी, अप्पांच्या नावावर. त्याच संध्याकाळी ऑफिसात जाऊन मी ड्रॉवर उघडला. आमच्या टेबलावर एक लोखंडी सळई असायची, लाकडी बैठकीत ठोकलेली. छापून झालेला, कामातून गेलेला प्रत्येक कागद तिच्यावर खुपसायचा. सळईवर गेलेल्या कागदाबद्दल मग कोणी विचारत नाही. महिनाअखेर सगळा गठ्ठा रद्दीत जातो. मी विमलचं पत्र त्या सळईवर खुपसलं. वर बातम्यांच्या तारांचे आणखी दोन कागद खुपसले.

मुलाला वेळेवर इंदूरला आणलं असतं तर तो वाचला असता का? मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. हे मी चाळीस वर्षं स्वतःला सांगत आलो, आणि प्रत्येक वेळी पुढचं वाक्य आपोआप येतं — हे माहीत नसण्याचं कारण मीच आहे.

ती घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी चूळ भरत होतो. ती मागे येऊन उभी राहिली. आवाज शांत होता. "दादा, माझं पत्र मिळालं होतं?"

मी तोंड पुसलं. म्हणालो, "कुठलं पत्र?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काही नाही." त्यानंतरच तिची वाक्यं छोटी व्हायला लागली.

तर त्या शुक्रवारी, बंगल्याच्या व्हरांड्यात, मला हे सगळं समोर दिसत होतं. ती 'दा' म्हणत होती. पुढचं अक्षर कधी येईल? मंगळवारी? आणि मग वाक्य येईल, आणि ते वाक्य प्रश्न असेल, आणि या वेळी दहा बायका, जमना, मालतीबाई, मग आई, अप्पा, सगळे उत्तराची वाट बघत असतील. मालतीबाई हुशार होत्या. त्यांनी पोस्टात चौकशी करवली असती. देवासच्या मोलकरणीला, जिला सोबत घेऊन विमल टपालपेटीपर्यंत गेली असणार, तिला विचारलं असतं.

मी खरं सांगू शकत होतो. टांग्यात, घरी जाताना, रामबाग येईपर्यंत. विमल माझ्या शेजारी बसली होती, घाम आलेली, दमलेली, आणि — हे मी कधीच विसरणार नाही — तिच्या चेहऱ्यावर जवळजवळ हसू होतं. 

शनिवारी मी बातमी लिहिली. हिंदीत होती, मराठीत करून देतो.

'पलासिया भागातील एका बंगल्यात मंगळवारी व शुक्रवारी दुपारी शहरातील प्रतिष्ठित घराण्यांतल्या स्त्रिया जमत असल्याचे समजते. दारे बंद ठेवली जातात. ढोलकाच्या तालावर स्त्रिया नाचतात. काही मोठ्याने रडतात, काही जमिनीवर लोळतात असे पाहण्यात आले. हा मनोविकारांवरील उपचार असल्याचे सांगितले जाते. उपचार करणाऱ्या बाई अविवाहित असून त्यांच्याजवळ वैद्यकीय पदवी नाही. बंगल्याचे मालक परगावी असतात. या प्रकारास शासकीय रुग्णालयातही परवानगी मिळावी असा अर्ज सचिवालयात विचाराधीन असल्याचे कळते. पोलिसांकडे अद्याप तक्रार आलेली नाही.'

तपासून पाहा. कुठे खोटं आहे? रडायच्या त्या; मी ऐकलं होतं. लोळायच्याही, मालतीबाईंनीच विश्वासाने सांगितलं होतं. 'पाहण्यात आले' — कोणाच्या? ज्याला नियम मोडून आत घेतलं होतं त्याच्या.

संपादकांनी वाचली आणि मांडीवर थाप मारली. "वा भिया, ये तो शहर हिला देगी. पक्की है ना?"

"हर लफ़्ज़ पक्का है," मी म्हणालो.

रविवारी सकाळी अप्पांनी ती मोठ्याने वाचली. विमल त्यांच्यापुढे चहा ठेवत होती. "बघा! मी म्हणत नव्हतो? आणि आपली मुलगी तिथे!" मग माझ्याकडे वळून, "तुमच्याच पेपरात आहे, तुला आधी कळलं नाही?" मी म्हणालो, दुसऱ्या कोणीतरी आणली असेल. विमलने अंक उचलला, ती बातमी उभ्याने वाचली, घडी घालून होता तिथे ठेवला.

मंगळवारी बंगल्यावर एकही बाई गेली नाही. ज्या घरांतून त्या यायच्या ती सगळी आमच्यासारखीच होती, हे मला लिहिताना माहीत होतं. प्रतिष्ठित हा शब्द मी त्यांच्यासाठीच घातला होता. बंगल्याच्या मालकांची तार आली, किल्ली परत करा. सरकार ग्वाल्हेरला परतायच्या तयारीत होतं; मालतीबाईंच्या अर्जाच्या फायलीला आमच्या बातमीचं कात्रण जोडलं गेलं आणि जाण्यापूर्वी ती बंद झाली. आम्ही तेही छापलं. दोन ओळी.

बुधवारी मालतीबाई ऑफिसात आल्या. हातात दोन पानी खुलासा. आमच्याकडे पद्धत अशी, की ज्याची बातमी त्याच्याकडेच तिचा खुलासा कापायला जातो. त्यांना ते कुठे माहीत होतं? त्या माझ्याकडे आल्या कारण त्या इमारतीत त्या फक्त मला ओळखत होत्या.

"भाऊ, कोणी लिहिलं असेल हो हे?" त्यांनी विचारलं. राग नव्हता. गोंधळ होता. "आतलं सगळं ठाऊक असलेलं माणूस आहे कोणीतरी. एखादीचा नवरा असेल का?"

"चौकशी करतो," मी म्हणालो.

त्यांनी आभार मानले. जिन्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या. "विमलला मात्र सोडू नका. मी नसले तरी रोज थोडा वेळ तिच्याजवळ बसा. आणि ते पत्राचं — तेवढं बघा."

दोन पानांतल्या मी तीन ओळी ठेवल्या. 'आपण डॉक्टर असल्याचा दावा आपण कधीही केलेला नव्हता, असे संबंधित बाईंनी कळविले आहे.' हेही खरं होतं. त्यांच्या दुसऱ्या पानावर होतं. आठ दिवसांत त्या इंदूर सोडून गेल्या. कुठे, मी विचारलं नाही.

विमल अडतीस वर्षं माझ्या घरात राहिली. माझ्या मुलांना तिने वाढवलं. मला हाक मारायची असली की ती पेल्यावर चमच्याने वाजवायची. एक शब्द नाही. गणपतीत गल्लीत ढोल वाजायला लागले की उठून खिडकी लावून घ्यायची. रोज सकाळी चहा घेऊन ती माझ्यासमोर उभी असायची, म्हणजे रोज एकदा मला संधी होती. किती सकाळी झाल्या, तो हिशोब मी करत नाही. दोन वर्षांपूर्वी ती गेली. शेवटच्या दिवशीही शुद्धीवर होती, खोलीत मी एकटा होतो, आणि मी तिला विचारलं की पाणी हवं का.

बातमीनंतरच्या मंगळवारचं सांगायचं राहिलं. दुपारी जेवणं झाल्यावर विमलने वेणी घातली, पदर खोचला, चपला घातल्या आणि ओट्यावर येऊन उभी राहिली. तिने बातमी वाचली होती, तरी उभी राहिली. मी म्हणालो, "आज नाही." ती तशीच थांबली. चार वाजता आत गेली. शुक्रवारी पुन्हा आली. पुढच्या मंगळवारी पुन्हा. मी दुपारी ऑफिसला लवकर निघायला लागलो, पण ज्या दिवशी घरी असायचो त्या दिवशी ती दिसायचीच — वेणी, पदर, चपला, आणि डोळे माझ्याकडे नाही, रस्त्याकडे. आई म्हणायची, ने रे तिला कुठेतरी, नुसती टांग्यातून फिरवून आण. मी म्हणायचो, काम आहे. दिवाळी झाली. संक्रांत झाली. ती येत होती.

होळीच्या आसपासच्या एका शुक्रवारी मी जेवून बाहेर आलो तर ओट्यावर कोणी नव्हतं. आत डोकावलं. विमल स्वयंपाकघरात खाली बसून तांदूळ निवडत होती. वेणी घातली नव्हती. तिने वर पाहिलं नाही.

मला हायसं वाटलं.